बुधवारची अंघोळ

बस थांबली, दार उघडलं, आणि मी उतरलो नाही. डोळा लागला होता असं नाही. गर्दी होती असंही नाही. दुपारची वेळ, बस अर्धी रिकामी. स्टॉप दिसला, स्टॉपमागची लाँड्री दिसली, लाँड्रीच्या वरच्या मजल्यावरची ती खिडकी दिसली. त्या खिडकीच्या आत मास्तर मान वळवून दाराकडे बघत पडलेले असणार, हेही मला माहीत होतं. मांडीवरच्या पिशवीत दाढीचं सामान, साबण, टॉवेल, पावडरचा डबा, सगळं जागच्या जागी. उठायला म्हणून माझा हात पुढच्या सीटच्या दांड्यावर गेलासुद्धा, आणि तिथेच राहिला. ड्रायव्हरबाईने आरशातून एकदा पाहिलं, कारण दर बुधवारी मी इथेच उतरतो हे तिला पाठ झालंय. मी तिची नजर चुकवली आणि बाहेर काहीतरी फार महत्त्वाचं चाललंय असा चेहरा करून फुटपाथकडे बघत बसलो. दार बंद झालं. खिडकी मागे गेली. छातीत धस्स होईल असं मला वाटलं होतं. काही झालं नाही. उलट पायांना बरं वाटलं. जे पायांना आधीच ठाऊक होतं ते मला आत्ता कळत होतं.

मी चष्म्याच्या दुकानात काचा बसवतो. गोल काच यंत्रावर घासून फ्रेमच्या मापाची करायची, कडा मऊ करायच्या, फ्रेममध्ये बसवून उजेडाकडे धरायची. उभ्याने करायचं काम आहे आणि मान सतत खाली. बुधवारी दुकान अर्धा दिवस असतं, आणि त्या अर्ध्या दिवसात मी आमच्या चर्चमधल्या अंथरुणाला खिळलेल्या पुरुषांना अंघोळ घालतो. घालत होतो, असं म्हणायला हवं, कारण आता त्यांतले एकटे मास्तर उरलेत. मास्तर म्हणजे आमच्या गायकवृंदाचे मास्तर. पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू गेली, जीभ अर्धी गेली, पण उरलेल्या अर्ध्या जिभेने ते पूर्वीइतकंच टोचून बोलतात. त्यांची मुलगी बेकरीत काउंटरवर उभी असते, ती संध्याकाळी येते. एरवी ती सकाळी घाईघाईने बापाचं तोंड पुसते, कपडे बदलते, भरवते आणि पळते. नीट, निवांत, डोक्यापासून टाचेपर्यंत पाणी लागतं ते फक्त बुधवारी. मागे मला ताप आला होता तेव्हा काही बुधवार चुकले, आणि तेवढ्यात त्यांच्या कमरेखाली कातडी सोलवटली. ती जखम आत्ता कुठे भरत आलीय. म्हणजे मी न जाण्याचा अर्थ काय होतो ते मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. बस पुलावर चढत होती आणि मला सगळं स्वच्छ माहीत होतं.

सुरुवात रविवारी झाली. उपासनेत आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायची पाळी माझी होती. मी पुढे जाऊन उभा राहिलो, डोळे मिटले, आणि नेहमीसारखा एकेका आजाऱ्याला देवापुढे ठेवत गेलो. आदल्या दिवशी दुकानात कामाचा ढीग होता, उभ्या उभ्या माझे गुडघे भरून आले होते. डोळे मिटल्यावर आतला काळोख इतका मऊ लागला की मी त्यात हळूहळू खाली जायला लागलो. तोंड मात्र चालू राहिलं. तोंडाला सवय असते. मला अंघोळीचं काम शिकवणारी दवाखान्यातली सिस्टर फार कडक होती. तिचा नियम एकच, आधी सांगायचं, मग हात लावायचा. आंधळ्या, बहिऱ्या, बेशुद्ध माणसालासुद्धा सांगायचं, आता तोंड पुसतो, आता डावा हात घेतो. तर त्या रविवारी, भरल्या चर्चमध्ये, मी देवाला शांतपणे म्हणालो, "आता कूस बदलायची हं. घाबरू नका, मी धरलंय तुम्हाला." मग मागच्या बाकावरून कोणीतरी फुसकन हसलं, आणि ते हसू बाकाबाकांवरून पुढे आलं. डोळे उघडले तर पहिली दिसली ती माझी बायको. रुमाल तोंडाला लावून तिचे खांदे गदागदा हलत होते. मीही हसलो. उपासनेनंतर एकेक जण येऊन पाठीवर थाप मारून गेला. देवाला अहो-जाहो करणारा पहिला माणूस म्हणून माझं नाव निघालं. घरी जातानाही बायको मध्येच थांबून हसायची, म्हणायची, "आणि वर धरलंय म्हणे! देवाला!" मीसुद्धा पुन्हा पुन्हा हसत होतो. पण रात्रीचं जेवण पुढ्यात आलं आणि एकदम मला रडू यायला लागलं. पन्नाशी कधीच मागे टाकलेल्या, घोड्यासारखं काम करणाऱ्या माणसाला वाढलेल्या ताटावर रडू येणं म्हणजे काय ते मला कळेना. बायकोला कळलं असावं. ती हसायची थांबली आणि तिने फक्त पाण्याचा पेला माझ्याजवळ सरकवला.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब दुकानात आले. निमित्त चष्म्याची काडी सैल झाल्याचं. मी स्क्रू पिळत असताना ते हळूच म्हणाले, "तुम्ही थकलात. कोणीही थकेल. एक चांगला वृद्धाश्रम आहे, शहराबाहेर, तिथे जागा रिकामी झालीय. मास्तरांच्या मुलीशी मी थोडं बोललोय. ती म्हणते, काका येतायत तोवर बाबा घरीच. म्हणजे आता शब्द तुमचा आहे. बुधवारी जाल तेव्हा तिची वाट बघा आणि तिला स्वतः सांगा. तिला वाईट वाटणार नाही." मी काडी घट्ट करून चष्मा त्यांच्या हातात दिला. मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांचे आभार मानले. नंतर एकामागून एक काच घासत दिवसभर मी ते एक वाक्य तयार करत बसलो. ‘ताई, माझ्याच्याने आता होत नाही.’ साधं वाक्य आहे. यंत्रावर पाणी ठिबकत होतं, काचेची पांढरी भुकटी बोटांवर बसत होती, आणि मी ते वाक्य घासून घासून त्याच्या कडा मऊ करत होतो, म्हणजे मुलीला लागू नये. मास्तरांना काय सांगायचं याचा मात्र विचारच केला नाही. जणू त्यांच्या कमरेखालच्या जखमेशी माझी ओळख होती, त्यांच्याशी नव्हती.

बस आता मला अनोळखी असलेल्या भागात शिरली होती. रंगाची दुकानं, सायकलींचं गोदाम, एक शाळा सुटत होती. मला वाटलं, इतकी वर्षं बुधवारी ही शाळा याच वेळी सुटत असणार आणि मी तेव्हा कोणाच्या तरी बगलेत साबण लावत असणार. हे काम मी मागून घेतलेलं नव्हतं. आमच्यात एक घड्याळं दुरुस्त करणारे म्हातारे होते. त्यांचा हात कापायला लागला आणि त्यांना दाढी वाढलेल्या तोंडाने प्रभुभोजनाला यायची लाज वाटायची. माझा हात स्थिर, काचेच्या कामामुळे, म्हणून मी त्यांची दाढी केली. मग दाढी करतोच आहेस तर मान पुसून घे, मान पुसतोस तर पाठ, असं होत होत मी पुरता त्यात बुडालो. तेव्हा आम्ही बरेच जण होतो. पुरुष मंडळाची सेवा म्हणून मोठ्या थाटात नावं दिली होती. एकाची पाठ धरली. एकाला नातू झाला. एकाने तर साबणाने हाताला खाज येते असं सांगून अंग काढून घेतलं. तो रविवारी हात धुतो की नाही हे विचारायचं माझ्या फार मनात होतं. आणि मग सगळे मिळून मला म्हणायला लागले, तुम्हाला हे कृपादान आहे हो, प्रत्येकाला नसतं. हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. कृपादान! उघड्या म्हाताऱ्या माणसाचा वास मलाही येतो. पहिल्या वेळेला मी जिन्यात जाऊन ओकलो होतो. मला मिळालेली देणगी एवढीच की मी तोंड पुसून परत वर गेलो, आणि ही देणगी त्यांना कोणी नाकारली होती असं मला वाटत नाही.

आणि माणसं मरतात. हे आधी लक्षात आलं नव्हतं. शिकवलेलं पोर मोठं होतं, बसवलेल्या काचेतून कोणाला तरी दिसतं, पण मी ज्यांना ज्यांना अंघोळ घातली ते मास्तर सोडून सगळे गेले. घड्याळवाले गेले, त्यांच्यानंतर एक निवृत्त पोस्टमन गेले, मग एक धिप्पाड सुतार, ज्यांना वळवताना माझ्या मानेत कायमची कळ बसली. पोस्टमन फार गोड माणूस. मी पाय पुसायला लागलो की म्हणायचे, हे पाय फार हिंडलेत बरं, जपून. मी प्रत्येकाची नखं ओळखायचो. शवपेटीत ठेवलेल्या सुताराच्या हाताकडे बघून माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की नखं मी बुधवारी कापायला हवी होती. हे कोणाला सांगणार? मला राग होता, तोही सांगता येत नव्हता. मास्तरांवर नव्हे, मुलीवर नव्हे, साबणाची खाज असलेल्यावरसुद्धा फारसा नव्हे. मला देवाचाच राग आला होता. तू दमत नाहीस म्हणून आम्ही दमू नये होय, असं मी त्याला आरशासमोर दाढी करताना विचारलं होतं. तो काही बोलला नाही. त्याचं ते नेहमीचंच आहे.

तो दमत नाही, हे खरं का, असा विचार मग त्या बसमध्ये आला, कारण विचार करायला वेळ भरपूर होता. वधस्तंभावर जाण्याआधीच्या त्या शेवटच्या जेवणाच्या वेळी प्रभूने कमरेला टॉवेल गुंडाळला आणि शिष्यांचे पाय धुतले. आम्ही ते ऐकतो तेव्हा कसं सगळं चित्रासारखं, मंद उजेड वगैरे. मी मात्र ते धंद्यातल्या माणसासारखं बघतो. बारा माणसं, चोवीस पाय, धुळीचे रस्ते, उघड्या चपला. पहिल्या दोघांतच पाणी गढूळ झालं असणार. मग पाणी कोणी बदललं? बारा जण बसलेत, त्यांतला एकही उठून म्हणाला नाही का की द्या इकडे, मी आणतो? वाकून वाकून पाठ धरलीच असेल. सातव्या-आठव्या माणसापाशी आल्यावर मनात आलं असेल का की बाकीचे उद्या बघू? आणि त्या ओळीत तो शिष्यही बसलेला होता, जो धुतलेल्या त्याच पायांनी उठून प्रभूला पकडून द्यायला जाणार होता. त्याच्याही टाचा त्याने चोळल्याच असतील, भेगांमधली माती काढली असेल, कारण ज्याचा हात कामाला बसलाय त्याला अर्धवट पुसता येत नाही. मला त्याच्याबद्दल एकदम माया वाटली. देव म्हणून नव्हे. जोडीदार म्हणून, त्याच कामातला माणूस म्हणून.

बस थांबली आणि इंजीन बंद झालं. "शेवटचा स्टॉप," ड्रायव्हरबाई म्हणाली. मी उठलो नाही. ती मागे वळून बसली. पन्नाशीची, जाड चष्मा, आमच्या दुकानातला नसावा, काडी वाकडी बसली होती. "तुमचा तो लाँड्रीचा स्टॉप गेला की केव्हाच. मला वाटलं आज सुट्टी घेतली." मी म्हटलं, "तसंच काहीसं." घशाला कोरड पडली होती, आवाज खरखरत आला. आणि मग मी असं काही केलं जे मी सहसा करत नाही. मी म्हणालो, "बाई, थोडं पाणी मिळेल का?" मी मागणाऱ्यातला नाही. दुकानात काच डोळ्यात गेली तरी मी दुसऱ्याला फुंकर मारायला सांगत नाही, नळाखाली जाऊन डोळा धरतो. तिने डॅशबोर्डवरची आपली बाटली काढली, झाकणात पाणी ओतलं आणि उठून माझ्यापर्यंत आणून दिलं. मी प्यायल्यावर पुन्हा ओतलं. "आणखी घ्या. मला भरता येते, इथे नळ आहे," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा जरा खुलला होता. दिवसभर हजारो माणसं तिच्या पाठीमागे बसतात आणि तिला काही देतही नाहीत, तिच्याकडे काही मागतही नाहीत. मी मागितलं तर तिचं काही कमी झालं नाही. तिला बरंच वाटलं. "काडी वाकडी आहे तुमची," मी म्हटलं. तिने चष्मा काढून दिला. मी तो तिथेच, त्या गरम बसमध्ये, अंगठ्याने हळूहळू दाबून सरळ केला.

आणि तेव्हा मला बायबलमधली ती विहीर आठवली. प्रभूही चालून चालून दमला होता आणि भर दुपारी विहिरीच्या कठड्यावर बसला होता. पाणी काढायला आलेल्या परक्या बाईला तो म्हणाला, मला प्यायला दे. पाळकसाहेबांनी त्या विहिरीवर किती प्रवचनं दिली असतील! सगळी त्या बाईवर. तो दमला होता यावर एकही नाही. दमला म्हणून तो निघून गेला नाही, आणि दमलो नाही असंही म्हणाला नाही. बसला आणि मागितलं. मी इतकी वर्षं फक्त देत आलो होतो आणि त्याला सेवा म्हणत होतो. पाठ धरलेल्याला, नातू झालेल्याला मी कधी म्हणालो होतो का, अहो या ना, माझ्या एकट्याने वळवणं होत नाही? नाही. मी मनात त्यांची टिंगल केली आणि बादली स्वतः उचलली. त्यात एक चोरटा मान होता, तो मला कोणाशी वाटून घ्यायचा नव्हता. काम सोडणं आणि एकट्याने ओढणं, या दोनच गोष्टी असतात असं मी धरून चाललो होतो. मी ड्रायव्हरबाईला विचारलं, "परत कधी निघते?" ती म्हणाली, "तुम्ही नीट बसलात की."

परतीच्या वाटेवर मी पाळकसाहेबांना फोन लावला. म्हटलं, "ती वृद्धाश्रमातली जागा दुसऱ्या कोणा गरजूला द्या. मला जागा नको, माणूस द्या. जोडीला एक माणूस."

ते म्हणाले, "तुम्ही थकलात ना पण?"

"थकलोय. म्हणून तर मागतोय. थकलो नसतो तर कशाला मागितला असता?"

ते म्हणाले, "कोण मिळणार हो? मी प्रार्थना करतो."

"प्रार्थना मी करतो, तुम्ही बादली उचला," माझ्या तोंडून निघून गेलं. पाळकसाहेबांशी असं कोणी बोलत नाही. मी जीभ चावली, पण शब्द परत घेतला नाही. ते हसले नाहीत. खालच्या आवाजात म्हणाले, "खरं सांगू? मला भीती वाटते. मी आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवतो ना, तेवढाच. खालचं मला... माझे वडील गेले तेव्हाही सगळं सिस्टरनेच केलं." इतकी वर्षं तो माणूस पुढे उभा राहून बोलतो आणि मी बाकावर बसून ऐकतो, पण त्याने मला काही सांगितलं असं पहिल्यांदाच वाटलं. मी म्हटलं, "मी पहिल्या दिवशी ओकलो होतो. तुम्ही जुने कपडे घालून या पुढच्या बुधवारी. मी दाखवतो."

लाँड्रीवालीने किल्ली देताना म्हटलं, "आज उशीर? वरून दोनदा काठी आपटली त्यांनी." मी जिना चढलो. जिना तसाच होता, गुडघेही तेच होते. प्रभूने गुडघे बदलून दिले असं काही नाही. दार उघडल्याबरोबर वास आला आणि कळलं की उशीर किती महागात पडलाय. मास्तर ओल्यात पडले होते. डाव्या हाताने त्यांनी पांघरूण घट्ट धरून ठेवलं होतं, मला दिसू नये म्हणून. चेहरा भिंतीकडे. एकेकाळी हा माणूस काठीच्या एका टोकाने साठ गळे गप्प करायचा. मला त्याने शेवटच्या रांगेत टाकलं होतं आणि सांगितलं होतं, तू ओठ हलव, आवाज काढू नकोस. मी त्यांच्याजवळ बसलो. "मास्तर, चूक झाली. मी मुद्दाम पुढे निघून गेलो होतो. आज येणारच नव्हतो."

त्यांनी डोळे माझ्याकडे फिरवले. अर्धं तोंड हललं. "कंटाळलास."

"हो."

"मीपण," ते म्हणाले.

मी पाणी गरम करायला ठेवलं, मेणकापड अंथरलं, ओले कपडे काढले, स्वच्छ केलं, टॉवेल उबदार करून त्यांच्यावर पसरले. आता तोंड पुसतो. आता दाढी. आता डावा हात. दाढीच्या वेळेला मी सवयीने काहीतरी गुणगुणत होतो आणि साबणाच्या फेसातून आवाज आला, "बेसूर." मी म्हटलं, "वस्तरा माझ्या हातात आहे, मास्तर, जपून बोला." त्यांची डावी भुवई वर गेली. छातीपाशी आलो आणि मानेतली कळ खांद्यातून अशी उतरली की हातातला साबणाचा कपडा शेजारच्या पाण्याच्या टबमध्ये पडला. मी काही वेळ तसाच वाकून राहिलो. एरवी मी कपडा उचलून पुढे चालू केलं असतं. पण मी तो पिळून त्यांच्या डाव्या हातात दिला आणि म्हणालो, "मास्तर, माझा हात दुखतोय. छाती तुम्ही धुवा. मी टब धरतो."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना कोणी काही करायला सांगितलं नव्हतं, पक्षाघात झाल्यापासून कधीच नाही. भरवतात, पुसतात, वळवतात, वळवताना सांगतातसुद्धा, पण मागत कोणी नाही. त्यांची बोटं कपड्याभोवती हळूहळू मिटली. मग त्यांनी सुरुवात केली. काय सांगू, वाट लावली! पाणी गळ्यावर, उशीवर, माझ्या बाहीवर. साबण एकाच जागी तीनदा, आणि खालची अख्खी बाजू कोरडी. मी दोन मिनिटांत उरकलं असतं ते चाललं होतं आणि चाललंच होतं. माझा हात आपोआप पुढे जायला बघत होता, मी त्याला टबाच्या कडेला बांधून ठेवल्यासारखा धरून बसलो. न करणं इतकं अवघड असेल असं वाटलं नव्हतं. त्यांचं कपाळ घामाने डवरलं. श्वास लागला. ते थांबले, मला वाटलं झालं, आता कपडा टाकतील. त्यांनी तो ओला कपडा उचलला आणि टब धरलेल्या माझ्या मनगटावर ठेवला. मला आधी कळेना. मग ते चोळायला लागले. बोटांच्या मधे, नखांच्या कडेला, जिथे काचेची भुकटी बसते आणि घरच्या साबणाने जात नाही. "नको, नको मास्तर," मी म्हणालो, हात मागे घ्यायला लागलो. त्यांनी सोडला नाही. डाव्या हाताची पकड अजून मास्तरांचीच होती. "गप," ते म्हणाले. मला हुंदका आला, मोठ्याने आला, आणि मी तो येऊ दिला. त्यांनी बघूनही न बघितल्यासारखं केलं आणि माझा अंगठा धुवायला घेतला. अंगठ्यावर फार वेळ घालवला.

त्यानंतर पाणी बदललं. पाय राहिले होते, पाठ राहिली होती, जखमेला मलम लावायचं होतं. पाठीच्या वेळी त्यांना वळवलं तेव्हा मानेत पुन्हा कळ आली आणि मी मोठ्याने ‘आई गं’ म्हणालो. त्यांना ते सुरात वाटलं की नाही कोण जाणे. जखम लाल झाली होती, पण उघडली नव्हती. मी तिच्याकडे फार वेळ बघत राहिलो, आणि त्या न उघडलेल्या कातडीसाठी मी देवाचे आभार मानले, डोळे उघडे ठेवून, मनातल्या मनात, त्याला ‘तू’ म्हणून.

मुलगी आली तेव्हा खोलीभर पाणी होतं. उशी खिडकीत वाळत, चादर खुर्चीवर, मी गुडघ्यांवर बसून फरशी पुसतोय. तिच्या अंगाला पावाचा वास होता आणि चेहरा दिवसभराच्या उभ्या कामाने उतरलेला. ती दारातच थांबली, पिशवी हातातच. बहुतेक जिना चढतानाच तिने मन घट्ट केलेलं होतं. "काका," ती म्हणाली, "पाळकसाहेब बोलले मला. तुम्ही आज काहीतरी सांगणार होतात. सांगा. मी समजून घेईन. तुम्ही खूप केलंत बाबांचं." शेवटच्या शब्दाला तिचा आवाज फाटला आणि तिने खाली बघितलं.

मी फरशीला हात टेकून उठलो. उठायला वेळ लागला. "हो, सांगायचंय," मी म्हटलं. "पुढच्या बुधवारपासून मला इथे अर्धा तास जास्त लागणार आहे. तुझे बाबा आता स्वतःची अंघोळ स्वतः करतात, त्यामुळे."

तिला काहीच उमगेना. ती माझ्याकडे बघत होती, पाण्याकडे बघत होती, मग आतल्या पलंगाकडे. तिथून फेसाने अजून ओलसर असलेला, अर्ध्या जिभेचा, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज आला.

"अर्धा नाही," मास्तर म्हणाले. "एक."